देणगी की देणे?



गेल्या कापणीच्या सणाला उपासना संपल्यावर मी मंडळीपुढे मदतनिधीचा हिशेब वाचला. शेवटी, नेहमीच्या सवयीने, "गरिबांना मदत करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे" असे एक वाक्य बोललो आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. चहाच्या वेळी आमच्या मंडळीतले एक निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो.

"खजिनदारसाहेब, एक शंका आहे," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं शिकवलं. पगार घेतला तो राबून घेतला. कोणाचा एक पैसा बुडवला नाही. त्यातून गरिबाला काही दिलं, तर तो माझा चांगुलपणा झाला. पण नाही दिलं, तर मी कोणाचं काय बुडवलं? तुम्ही कर्तव्य म्हणालात. कर्तव्य म्हणजे केलं नाही तर दोष लागतो. आपल्या इथल्या पाड्यांचं मी एक वेळ समजू शकतो. पण जगाच्या पाठीवर कुठेतरी राहणारा माणूस, ज्याला मी कधी पाहिलं नाही, त्याचं माझ्याकडे काय येणं आहे?"

मी संतोषाने देण्याविषयी काहीतरी बोललो. गुरुजींनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

मी बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली. त्यामुळे गुरुजींचा 'येणं' हा शब्द माझ्या कानात राहिला. आपल्या भाषेत 'देणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. हातातली वस्तू दुसऱ्याला देणे, हा एक. आणि डोक्यावर असलेले देणे, म्हणजे फेडायची रक्कम, हा दुसरा. देणगी मनात असेल तर द्यावी, नसेल तर राहिली. देणे मात्र आपल्याला वाटो न वाटो, वहीत उभे असते. गुरुजींचा प्रश्न असा होता: जगातल्या गरिबांसाठी आपण जे देतो, ते यांपैकी कोणत्या रकान्यात मांडायचे? त्यांना तोंडी देता आले नाही ते उत्तर इथे लिहीत आहे.

एक डबके आणि एक कोटी माणसे

हा प्रश्न आपल्या काळात सर्वांत थेटपणे विचारला गेला तो १९७१ च्या एका घटनेमुळे, आणि ती घटना आपल्या देशातली आहे. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातल्या अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालय इथे छावण्या भरून गेल्या. पावसाळा आला आणि पाठोपाठ पटकी आली.

त्या वेळी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला पीटर सिंगर नावाचे एक तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ शिकवत होते. त्यांनी त्या निर्वासितांवर एक निबंध लिहिला. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला आणि आजही जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जातो. सिंगर श्रद्धावान नाहीत, आणि त्यांची इतर कित्येक मते चर्चला मान्य होण्यासारखी नाहीत. तरी या एका प्रश्नावर त्यांनी आपल्याला अडचणीत टाकले आहे, हे कबूल केले पाहिजे.

त्यांचे म्हणणे साध्या उदाहरणात असे आहे. तुम्ही वाटेने चालला आहात. शेजारी उथळ डबके आहे आणि त्यात एक लहान मूल बुडते आहे. तुम्ही आत उतरलात तर तुमचे कपडे चिखलाने भरतील, याहून जास्त काही होणार नाही. अशा वेळी उतरणाऱ्याला आपण फार मोठा दानशूर म्हणत नाही. आणि जो कपड्यांकडे पाहून पुढे गेला, त्याच्याविषयी 'त्याची मर्जी' असेही आपण म्हणत नाही. त्याने मुलाला ढकलले नाही, कोणाचे काही चोरले नाही. तरी त्याला दोष लागतोच.

एवढे मान्य केले की सिंगर पुढचा प्रश्न विचारतात. मूल दहा पावलांवर आहे की हजारो मैलांवर, याने त्याच्या बुडण्यात काय फरक पडतो? काठावर आणखी दहा माणसे हात बांधून उभी आहेत म्हणून तुमची जबाबदारी एक दशांश होते का? आपल्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट न गमावता आपण एखादे मोठे संकट टाळू शकत असू, तर ते टाळणे आपल्यावर बंधनकारक आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मग ते आकडे मांडतात. निर्वासितांना वर्षभर जगवायला अंदाजे ४६ कोटी ४० लाख पौंड हवे होते. तोवर जगभरातून मिळून साडेसहा कोटी पौंडांच्या आसपास जमले होते. ब्रिटनने दिले होते सुमारे दीड कोटी. आणि त्याच ब्रिटनने काँकॉर्ड हे वेगवान विमान तयार करण्यात त्याच्या कित्येक पट, म्हणजे साडेसत्तावीस कोटींहून अधिक पौंड घातले होते, तेही परत न मिळणारे. ऑस्ट्रेलियाची मदत सिडनीच्या नव्या ऑपेरा हाऊसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी होती. विमान आणि नाट्यगृह वाईट नव्हते. पण तुलनेने कशाला काय किंमत दिली गेली, ते या आकड्यांत दिसते.

आता आपल्या बाजूची आठवण. वयाची साठी ओलांडलेल्या वाचकांना ती पाच पैशांची तिकिटे आठवत असतील. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर नेहमीच्या तिकिटाबरोबर निर्वासित-साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच तशी अक्षरे छापून ती काढली होती. पुढे निर्वासित कुटुंबाचे चित्र असलेले तिकीट आले. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत हे चालू होते. त्या काळी आपला देश स्वतः धान्याच्या चिंतेत होता. महाराष्ट्रात दुष्काळाची सुरुवात झाली होती. तरी टपालखिडकीवर कोणी विचारले नाही, "तुमची इच्छा आहे का?" ती पाच पैशांची देणगी नव्हती, देणे होते. आणि गरीब देशातल्या साध्या माणसांनी ते पत्रागणिक फेडले.

थोड्या पैशांनी काय होते?

"माझ्या शंभर रुपयांनी जगाचे काय होणार?" ही शंका मी खजिनदार म्हणून सर्वांत जास्त वेळा ऐकतो. तिचे उत्तर त्याच १९७१ सालात आहे.

सीमेजवळच्या बनगाव गावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ पटकीच्या रुग्णांवर उपचार करत होते. रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आलेला, आणि सुई लावायला शिकलेली माणसेही अपुरी. तेव्हा डॉक्टरांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपे भरून ठेवली आणि रुग्णांच्या आयांना, भावंडांना सांगितले की घोटघोट पाजत राहा. नुसते पाणी प्यायले तर अशा आजारात ते आतड्यात टिकत नाही; ग्लुकोज असले की त्याच्याबरोबर मीठ आणि पाणी शरीरात शोषले जाते. हे विज्ञान तेव्हा माहीत झाले होते, पण छावणीसारख्या ठिकाणी, घरच्या माणसांच्या हातून ते चालेल, यावर अनेक तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. तिथे मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले.

आज आपण ज्याला ओआरएसचे पाकीट म्हणतो, ते हेच. एका पाकिटाची किंमत आपल्या चहा-बिस्किटांहून जास्त नसते. १९९० साली जगात पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी मुले दगावली होती. २०२२ साली हा आकडा ४९ लाखांवर आला. यामागे लसी आहेत, स्वच्छ पाणी आहे, मच्छरदाण्या आहेत, आयांचे शिक्षण आहे, आणि हे पाकीटही आहे. तरीही वर्षाला चार लाखांहून अधिक लहान मुले आजही जुलाबाने मरतात. औषध सापडून पन्नास वर्षे झाली. उरले आहे ते पोहोचवणे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात पालघरकडच्या एका पाड्यावरून आमच्या कार्यकर्तीचा फोन आला. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरले होते आणि पाड्यावर जुलाब सुरू झाले होते. "काका, दोन लेकरांना तालुक्याला न्यायला जीप करावी लागेल. पाण्यात टाकायचं औषध आणि पाकिटंपण पाहिजेत. तीन हजारांची सोय होईल का?" मी वही पाहिली. त्या तिमाहीत त्या खात्यावर शिल्लक नव्हती. मी म्हणालो, "ताई, आत्ता खात्यावर काही नाही. देणग्या आल्या की बघू." ती म्हणाली, "बरं काका, बघते मी."

त्याच संध्याकाळी आम्ही घरचे सहा जण नातवाच्या वाढदिवसासाठी हॉटेलात जेवलो. बिल तीन हजारांच्या पुढे गेले. मी ते आनंदाने भरले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या हे मला त्या दिवशी जाणवलेसुद्धा नाही.

दीड महिन्याने पाड्यावर गेलो तेव्हा कार्यकर्तीने कागद पुढे केले. जीपवाल्याचे भाडे बाकी. दुकानदाराच्या वहीत तिच्या नावावर उधारी. मुले बरी झाली होती. पाच हजारांच्या मानधनावर काम करणाऱ्या त्या बाईने आणि पाड्यावरच्या एका लहान दुकानदाराने ते निभावून नेले होते. उधारीच्या त्या वहीत नाव तिचे होते. देणे कोणाचे होते, ते मला तिथे उभ्या उभ्या कळले. खात्यावर शिल्लक नव्हती हे खरे, पण माझ्या खिशात होती. खाते रिकामे म्हणून मी सुटलो, असे मी मानले होते. डबक्याच्या काठावरून मी पुढे निघून गेलो होतो.

शास्त्र काय शिकवते?

हे सगळे सिंगर यांच्या नावावर मांडले, म्हणून कोणी असे समजू नये की ही नवी शिकवण आहे. आपल्या शास्त्रात ती कितीतरी आधीची आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या १९ व्या अध्यायात, शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि गळालेला सरवा वेचू नये. तो गरिबासाठी आणि परदेशी माणसासाठी राहू द्यावा. शेतकऱ्याने उदार व्हावे, असे तिथे म्हटलेले नाही. ती कड त्याची नाहीच, असा त्याचा अर्थ. परदेशातून आलेली रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती भीक म्हणून नव्हे, हक्काने. आपल्याकडेही खळ्यावर रास उचलण्याआधी बलुतेदारांचा वाटा काढला जाई. त्या व्यवस्थेत जातीचा अन्याय भरलेला होता, आणि आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी तो सोसला. पण सगळी रास मालकाची नसते, ही गोष्ट जुन्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नसे.

लूकच्या १६ व्या अध्यायातला श्रीमंत मनुष्य आठवा. त्याने लाजराला मारले नाही, लुबाडले नाही, दारातून हाकललेही नाही. तो फक्त रोज जेवत राहिला. गुरुजींचा प्रश्न, "नाही दिलं तर मी कोणाचं काय बुडवलं?", त्या श्रीमंतालाही विचारता आला असता. प्रभूने त्याला कोणत्या बाजूला बसवले, ते आपल्याला ठाऊक आहे.

लाजर निदान दारात होता, असे कोणी म्हणेल. मग प्रेषितांच्या कृत्यांचा ११ वा अध्याय पाहा. क्लौद्य बादशहाच्या काळातल्या दुष्काळात अंत्युखियाच्या मंडळीने शेकडो मैलांवरच्या यहूदीयातल्या बांधवांसाठी वर्गणी काढली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवली. पुढे पौलाने अशाच कामासाठी मासेदोनियाच्या मंडळ्यांकडून पैसे जमवले, आणि त्या मंडळ्या स्वतः गरीब होत्या. ज्यांना पाहिले नाही त्यांच्यासाठी देणे हे मंडळीच्या बाळपणापासूनचे काम आहे.

चौथ्या शतकात कैसरियाचे संत बेसिल यांनी मोठ्या दुष्काळात कोठारे भरून बसलेल्या धनिकांपुढे जी प्रवचने दिली, त्यांचा रोख हाच होता: तुमच्या पेटीत पडून असलेला जादा कपडा मुळात उघड्या माणसाचा आहे, तो देता तेव्हा तुम्ही त्याचे त्याला परत करता.

प्रामाणिक आक्षेप

या विचाराला काही खरे आक्षेप आहेत, आणि ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप: आधी घरचे, मग दूरचे. यात तथ्य आहे. आपल्या आईवडिलांची, मुलांची जबाबदारी आपल्यावर आधी आहे, कारण ती दुसरे कोणी घेणार नाही. पण 'आधी' म्हणजे 'फक्त' नव्हे. मुलाच्या शिक्षणाची सोय ही गरज आहे. त्याच्या तिसऱ्या फोनला आपण घरची जबाबदारी म्हणू लागलो, तर ती कधीच संपणार नाही.

दुसरा आक्षेप: पैसा मधेच जिरतो, किंवा बिघडवतो. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन, ज्यांना २०१५ साली नोबेल मिळाले, ते सांगतात की परदेशी मदतीवर चालणारी सरकारे आपल्याच नागरिकांना जुमानेनाशी होतात. हा इशारा गंभीर आहे. पण त्यातून 'देऊ नका' असे निघत नाही. 'कसे देता ते पाहा' असे निघते. घेणेकऱ्यापर्यंत रक्कम पोहोचली की नाही, हे पाहणे देणेकऱ्याचेच काम असते. मनीऑर्डर मधे हरवली म्हणून कर्ज फिटत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: गरिबी दानाच्या अभावाने येत नाही, अन्यायाने येते. तत्त्वज्ञ थॉमस पोगे म्हणतात की श्रीमंत देश काठावर उभे असलेले निव्वळ बघे नाहीत. व्यापाराचे, कर्जांचे, चोरट्या पैशाचे जे नियम त्यांनी बनवले, त्यांनीच कित्येकांना पाण्यात लोटले आहे. हे मान्य केले तर देणे कमी होत नाही, दुप्पट होते. मदत करायचे बंधन तर आहेच, शिवाय झालेली हानी भरून द्यायचेही आहे.

हे समजायला परदेशात जायची गरज नाही. रायगड, ठाणे, पालघरमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती आधी घेतलेली उचल फेडायला, आणि पावसाळ्यापूर्वी परततात तेव्हा पुष्कळदा हातात काही उरत नाही. मुलांची शाळा बुडते. त्या विटा आपल्या इमारतींत आहेत. त्या स्वस्त का पडल्या, हे आपण विचारले नाही. अशा वेळी 'मी कोणाचं काय बुडवलं?' या प्रश्नाचे उत्तर तितकेसे सोपे राहत नाही. म्हणून देणाऱ्याने पाकिटासाठी पैसे द्यावेत, आणि किमान मजुरीसाठी, रेशनकार्डासाठी, वनहक्कासाठी आवाजही द्यावा. एक दिले म्हणून दुसरे माफ होत नाही.

श्रीमंत कोण?

आता अडचणीचा भाग. 'श्रीमंतांचे कर्तव्य' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे उद्योगपती येतात आणि आपण निश्चिंत होतो.

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा माणशी रोज ३ डॉलर ठरवली. हा डॉलर बँकेत रुपयांत बदलून मिळणारा डॉलर नव्हे. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढ्या वस्तू मिळतील, तेवढ्याच वस्तूंत ज्याला पूर्ण दिवस काढावा लागतो, घरभाडे, औषध, कपडे सगळे धरून, तो या रेषेवर आहे. जगात त्याखाली ८० कोटींहून अधिक माणसे आहेत. आपल्यापैकी ज्याच्याकडे पेन्शन आहे, पक्के घर आहे, फ्रिजमध्ये उद्याचे दूध आहे, तो या जगाच्या वाटणीत वरच्या अंगाला बसला आहे. मी बसलो आहे. गुरुजीही बसले आहेत.

मग किती द्यायचे? सिंगर यांचे कडक उत्तर असे की आणखी दिले तर आपणच तितके गरीब होऊ, त्या मर्यादेपर्यंत. इतके चालणे बहुतेकांच्या आवाक्यात नाही, माझ्याही नाही. पण कडक उत्तर जमत नाही म्हणून शून्यावर बसायचे, हेही खरे नव्हे. देशांसाठी एक माप आहे, आणि त्याची सुरुवात चर्चमध्ये झाली, हे थोड्यांना माहीत असते. १९५८ साली जागतिक चर्च परिषदेने असे सुचवले की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा शंभरावा हिस्सा गरीब देशांना द्यावा. त्यातून पुढे १९७० साली संयुक्त राष्ट्रांनी शेकडा ०.७ हे लक्ष्य ठरवले. फार थोड्या देशांनी ते गाठले, आणि ब्रिटनसारखा एकदा गाठलेला देशही मागे फिरला. माणसांसाठी आपल्याकडे दशांशाचे जुने माप आहे. ज्याला दहावा जमत नाही त्याने विसावा, पन्नासावा धरावा. पण तो ठरवावा, आणि खर्च भागवून उरेल त्यातून नव्हे, पगार किंवा पेन्शन आली की आधी काढावा. विजेचे बिल आपण उरले तर भरत नाही.

देणे म्हणून दिले की आणखी तीन गोष्टी आपोआप बदलतात. आपण आभाराची वाट पाहत नाही. कर्ज फेडणारा घेणेकऱ्याचा हार गळ्यात घालून फोटो काढत नाही. आपण अट घालत नाही. समोरचा कोणत्या धर्माचा, उपासनेला येतो की नाही, हे विचारायचा अधिकार देणेकऱ्याला नसतो. आणि आपण हिशेब मागतो, देतो. या पत्रिकेच्या वाचकांनीही आमच्याकडून तो मागत राहावा.

मागचे एक देणे

शेवटी गुरुजींच्या त्या शब्दाकडे येतो. न पाहिलेल्या माणसाचे माझ्याकडे काय येणे?

१९०० सालच्या दुष्काळात माझ्या आजीची आई नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या अनाथालयात आली. सहा-सात वर्षांची होती. घरचे कोणी उरले नव्हते. परदेशातून आलेल्या पिवळ्या मक्याच्या कण्या तिथे शिजत. ती म्हातारपणीही मका म्हटले की गप्प व्हायची, असे आजी सांगे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी काढली होती, आणि 'क्विटो' नावाच्या जहाजातून मका भरून मुंबईला आला होता. त्याच वर्षी रमेशचंद्र दत्त लॉर्ड कर्झन यांना जाहीर पत्रे लिहून सांगत होते की जमीन-महसुलाचे ओझे उतरवल्याशिवाय दुष्काळाचे मरण थांबणार नाही. मका हवा होता, आणि दत्तांची पत्रेही हवी होती.

ते वर्गणीदार कोण होते, मला माहीत नाही. एका साप्ताहिकाचे वाचक, तुमच्याआमच्यासारखे. त्यांनी माझ्या पणजीला पाहिले नव्हते. त्यांनी 'तिचे आमच्याकडे काय येणे?' असे विचारले असते, तर हा लेख लिहायला मी नसतो. त्यांना आता परत करता येणार नाही. ती रक्कम माझ्या वहीत देण्याच्या बाजूला उभी आहे आणि ती पुढच्याच कोणाला तरी द्यायची आहे.

मी हे गुरुजींना गेल्या रविवारी सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याही नावावर असेल असं काहीतरी. बघायला पाहिजे." आणि निघताना विचारले, "त्या पाड्यावरच्या दुकानदाराची उधारी फिटली का?"

फिटली, गुरुजी. पण ती मी दीड महिना उशिराने फेडली.